दुपटीचा ‘वेग’ की दुपटीचा ‘काळ’?

एप्रिल २०२० मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर एक बातमी फिरत होती. देशात कोरोनाच्या रुग्ण दुपटीचा ‘वेग’ ३.४ दिवसांवरून ७.५ दिवसांवर गेला, अशी. तेव्हा मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात शाळेवर होतो. शेजारचे काकाजी कुंपणापलीकडे येऊन उभे राहिले. विकायचा राहिलेला कापूस त्यांच्या घरात आढ्यापर्यंत लागला होता, त्याची काळजी होतीच. त्यात ही बातमी.

“मास्तर, तीनाचा साडेसात झाला म्हन्ते वेग. डबल झाला न! आता कसं होईन आपलं?”

मी म्हटलं, “काकाजी, हे तर चांगलं झालं.”

“काहून?”

चूक काकाजींची नव्हती, शब्दाची होती. ते दिवस म्हणजे रुग्ण दुप्पट व्हायला लागणारा काळ. वेग वाढला म्हणजे बैल धावले. दिवस वाढले म्हणजे बैल हळू चालले. ‘वेग’ म्हणायचं आणि आकडा दिवसांत द्यायचा, तर वाचणाऱ्याने घाबरायचं की हायसं वाटून घ्यायचं? ‘दुपटीचा काळ वाढला’ असं लिहिलं असतं तर समजवायची वेळच आली नसती.

मी दुपटीचा काळ समजावून सांगितला, तसे काकाजी दिढीवर आले. पूर्वी पेरणीला दाणे उसने नेले की सुगीला दीडपट भरावे लागत, ती दिढी. म्हणाले, “म्हंजे सालाची दिढी सहा महिन्यांत लागली त मेलो, दोन सालांत लागली त वाचलो.” इतकं नेमकं मला फळ्यावर कधी सांगता आलं नव्हतं.

हिशेब करून पाहा. १०० रुग्ण दर ३ दिवसांनी दुप्पट झाले, तर ३० दिवसांत १,०२,४०० होतात. दर ६ दिवसांनी झाले, तर ३,२००. काळ फक्त दुप्पट, आणि फरक बत्तीस पटींचा.

देशादेशांची तुलना करताना मराठीत आपण ‘तिकडे जास्त पसरला’ एवढंच म्हणतो. हे ‘जास्त’ फार ढोबळ आहे. आकडा जास्त, लोकसंख्येच्या मानाने प्रमाण जास्त, की वेग जास्त? दक्षिण कोरिया आणि अमेरिका घ्या. दोन्हीकडे पहिला रुग्ण जानेवारी २०२० मध्ये एक-दोन दिवसांच्या अंतराने सापडला. मार्चअखेर कोरियात दहा हजारांच्या आत, अमेरिकेत दीड लाखाच्या वर. कुणी म्हणेल, अमेरिकेची वस्तीच मोठी, ३३ कोटी. कोरिया ५ कोटींचा. बरोबर. म्हणून लाखामागे मोजा: कोरियात १९ च्या आसपास, अमेरिकेत ५० हून जास्त. आता ‘प्रमाण’ कळलं. ‘वेग’ अजूनही कळला नाही. त्यासाठी प्रत्येक देशाचा शंभरावा रुग्ण ज्या दिवशी सापडला तो पहिला दिवस धरून पुढे मोजावं लागतं. पेरणी वेगवेगळ्या तारखेला झाली असेल तर पीक किती दिवसांचं झालं तेच आपण पाहतो, तारीख नाही पाहत. शिवाय कुठे तपासण्याच कमी, तिथे रुग्णही कमी मोजले जातात.

लाखामागचं प्रमाणही लहान वस्तीत फसवतं. दोन हजार वस्तीच्या गावात चौघे आजारी पडले, की झाले लाखामागे २००.

एक प्रतिसाद: सर, ‘महामारी’ या शब्दाबद्दलही लिहा. आमच्याकडे शिवेवर मरीमायचं ठाणं आहे. ‘मरी’ म्हटलं की म्हाताऱ्या माणसांना पटकी आणि मरणच आठवतं.

खरं आहे. मलाही तो शब्द खटकतो. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला कोरोनासाठी ‘पँडेमिक’ हा शब्द वापरला, त्याचा अर्थ रोग अनेक देशांत पसरला एवढाच होतो; किती माणसं मरतात हे त्यात येत नाही. २००९ चा स्वाइन फ्लूही त्याच वर्गात मोडत होता, पण गावात त्याला कुणी महामारी म्हटलं नाही. मी ‘जगभरची साथ’ किंवा ‘महासाथ’ लिहितो. लोक स्वतः नाव ठेवतात तेव्हा लक्षणावरून ठेवतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या तापाला मानमोडी म्हणत.

दुसरा प्रतिसाद: ‘साथ मंदावली’ आणि ‘साथ ओसरली’ एकच ना?

नाही, आणि हा घोळ महागात पडतो. नाल्याच्या पुलाच्या खांबावर आपण खूण पाहतो. तासाला हातभर चढणारं पाणी बोटभर चढू लागलं, तर पूर मंदावला. पण पाणी अजून चढतंच आहे. खुणेच्या खाली उतरू लागलं की ओसरला. दुपटीचा काळ ३ वरून ७ दिवसांवर जाणं हे मंदावणं. रोजचे नवे रुग्ण कमी होत जाणं हे ओसरणं. आणि ओसरलेला पूर त्याच पावसाळ्यात पुन्हा येऊ शकतो. जानेवारी २०२१ मध्ये ‘कोरोना गेला’ असं आमच्याकडे सर्रास म्हणत होते. २२ फेब्रुवारीला अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्यासाठी वऱ्हाडीत ‘पलटला’ म्हणतात: ताप पलटला, तसा रोगही पलटला. साथीच्या दुसऱ्या लाटेला मी आता हेच क्रियापद वापरतो.