गव्हाचा लादीपाव घरी दडस का होतो?

लालबागची:
नमस्कार मंडळी. घरात मैदा कमी करायचा आहे, म्हणून गव्हाच्या पिठाचा लादीपाव जमवायचा प्रयत्न चालू आहे. माप असं: ३०० ग्रॅम पीठ (लोकवन गव्हाचं, गिरणीतून दळलेलं), १८० मिली कोमट पाणी, २ छोटे चमचे इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ, १ मोठा चमचा साखर, १ मोठा चमचा तेल. दहा मिनिटं मळून ओट्यावर दीड तास झाकून ठेवते, मग गोळे करून डब्यात आणखी पाऊण तास. स्वयंपाकघरात सध्या ३२-३३ अंश असतं. ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) २०० अंशांवर, २५ मिनिटं.

डब्यात गोळे छान वर येतात आणि ओटीजीत गेल्यावर मधोमध बसतात. तळाशी चिकट थर राहतो, यीस्टचा उग्र वास येतो आणि संध्याकाळपर्यंत पाव इतका कडक होतो की भाजीत बुडवला तरी मऊ पडत नाही. यीस्ट वाढवून पाहिलं, काही फरक नाही. नक्की कुठे चुकतंय? शिवाय पाव सुधारला आणि पावभाजीच्या भाजीत शंभर ग्रॅम बटर गेलं तर काय उपयोग, तेव्हा भाजीचंही कुणी नीट सांगा.

तिंबणकला:
यीस्ट निम्मं करा, पाणी वाढवा, फुगवायचा वेळ कमी करा. तिन्ही मापं उलटी पडली आहेत.

३०० ग्रॅमला १८० मिली म्हणजे ६० टक्के पाणी. हे मैद्याचं माप झालं. गव्हाच्या पिठातला कोंडा पाणी पितो, पण सावकाश. शिवाय गिरणीच्या दगडी जात्यात स्टार्चचे कण मैद्यापेक्षा जास्त फुटतात आणि फुटलेला कण पाणी जास्त ओढतो. म्हणून मळताना बरोबर वाटलेली कणीक तासाभरात आवळते. पोळ्या लाटणाऱ्या हाताला पावाची कणीक कायम सैलच वाटणार, आणि तिथेच वरून पीठ भुरभुरण्याचा मोह होतो. तो टाळा. पावाची कणीक परातीला चिकटली पाहिजे, हाताला थोडी लागली पाहिजे. पोळीच्या कणकेसारखी झाली तर पाव दडस होणार हे तिथेच ठरलं.

पहिल्या दोन-तीन लाद्या २१० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि ९० ग्रॅम मैदा घेऊन करा. पाणी एकूण २२५ मिली, इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम (सपाट १ छोटा चमचा), मीठ ६ ग्रॅम, साखर २ सपाट छोटे चमचे, तेल १ मोठा चमचा. वजनकाटा हवाच. वाटीने पीठ मोजलं तर दाबून भरलेल्या आणि सैल भरलेल्या वाटीत सहज वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडतो.

आधी खळ करा. वरच्याच मापातलं १५ ग्रॅम पीठ ७५ मिली पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहा. चमचा फिरवला की मागे रेघ राहते, तिथे गॅस बंद करा. मोदकाच्या उकडीत जे घडतं तेच इथे घडतं: शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, आणि पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. तुमचा पाव संध्याकाळी कडक होतो त्यावर सर्वात मोठा उपाय हा. खळ पूर्ण गार झाल्यावर उरलेलं पीठ आणि पाणी त्यात कालवा. यीस्ट, मीठ, साखर, तेल आत्ता नाही. नुसतं ओलं करून ४० मिनिटं झाकून ठेवा, उन्हाळ्यात चक्क फ्रिजमध्ये. कोंड्याचे कडक कण मळताना ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे तोडतात. भिजून मऊ पडले की तोडत नाहीत.

मग बाकीचं घालून ८ ते १० मिनिटं तिंबा. हाताला पीठ नाही, पाणी लावायचं. झालं की नाही हे असं बघा: लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी चारी बाजूंनी हळूहळू ताणा. उजेडासमोर धरल्यावर पातळ पडदा दिसला पाहिजे, त्यात कोंड्याचे तपकिरी ठिपके दिसतील. मैद्याइतका आरपार पडदा येणार नाही, त्याची वाट पाहू नका. पडदा लगेच फाटला तर दहा मिनिटं विश्रांती देऊन पुन्हा तीन-चार मिनिटं मळा.

आता वेळ. दीड तासाचं माप थंड स्वयंपाकघराचं आहे. मुंबईत ३२-३३ अंशांना, तेही दुप्पट यीस्ट घालून, तुमची कणीक तासाच्या आतच पूर्ण फुगलेली असणार. पुढचा सगळा वेळ ती कमकुवत होत जाते. ग्लुटेनची जाळी ताणून ताणून थकते, ओटीजीच्या उष्णतेने आतला वायू पसरला की ती फाटते आणि पाव मधोमध बसतो. उग्र वासही त्याचाच. पाणी कोमट नको, साधं किंवा थोडं गार घ्या. मळून झाल्यावर कणीक २६-२७ अंशांची असावी, हाताला किंचित थंड लागावी. पहिलं फुगवणं ४० ते ५० मिनिटं. गव्हाची कणीक दुप्पट होऊ द्यायची नाही, दीडपट पुरे. पातेल्यात अंदाज येत नाही, म्हणून थोडी कणीक सरळ कडेच्या काचेच्या ग्लासात दाबा आणि उंचीवर रबर लावून ठेवा. दीडपट कधी झाली ते डोळ्यांनी दिसतं.

साठ ग्रॅमचे ९ गोळे, ८ इंची चौकोनी डबा. गोळा वळताना वरची त्वचा ताणून खाली चिमटा. दुसरं फुगवणं २५-३० मिनिटं. ओल्या बोटाने हलकं दाबा: खळगा लगेच भरून आला तर थांबा, सावकाश अर्धवट भरला तर भाजायला घ्या, भरलाच नाही तर उशीर झाला आहे. तसं झालं तर सगळं पुन्हा हलकेच मळून गोळे करा आणि वीस मिनिटांनी भाजा. थोडा बसका होईल, पण फुकट जाणार नाही.

भट्टीवर:
वरचं सगळं बरोबर. तळाच्या चिकट थराचा दोष मात्र अर्धा ओटीजीचा आहे.

छोट्या ओटीजीची तबकडी २०० दाखवते आणि आत १७०ही असू शकतं, नाहीतर २३०. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतो. दोन्ही रॉड चालू ठेवून २० मिनिटं आधी तापवा. दिवा विझला म्हणजे तापलं असं नाही: हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे नाही. गोळ्यांचं दुसरं फुगवणं संपायला वीस मिनिटं उरली की ओटीजी लावा, म्हणजे दोन्ही एकदम तयार होतं.

डबा ॲल्युमिनियमचा, खालच्या खणात. काचेचा डबा उशिरा तापतो, तळ कच्चा राहतो. वरून हलकं दूध लावा. २०० अंशांवर २० ते २२ मिनिटं, बारा मिनिटांनंतर रंग जास्त आला तर वर फॉईल टाका. पंख्याचा ओटीजी असेल तर १८० पुरतं. झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. गव्हाचा पाव मुळातच तपकिरी, डोळा फसतो. सुईचा थर्मामीटर मधल्या पावात घाला, ९४-९५ अंश दाखवला की काढा. तुमचा पाव २५ मिनिटांनंतरही कच्चा म्हणजे आतलं तापमान नक्की कमी आहे.

काढल्यावर लगेच वरून अर्धा चमचा बटर किंवा तेल फिरवा, पाच मिनिटांत डब्यातून काढून जाळीवर ठेवा आणि ओल्या पिळलेल्या फडक्याने झाका. वरची साल मऊ पडते ती या वाफेने. डब्यातच ठेवला तर वाफेचं पाणी खाली साचतं आणि तळ परत ओला होतो. पूर्ण गार होईपर्यंत कापू नका.

लालबागची:
दोघांचेही मनापासून आभार, आता चूक लख्ख दिसली. दोन शंका. पूर्ण गव्हाचा करायचा तर माप काय? आणि लोकवनऐवजी खपली गहू किंवा थोडी नाचणी घातली तर?

तिंबणकला:
पूर्ण ३०० ग्रॅम गव्हाचं पीठ घ्याल तेव्हा पाणी २४० मिली आणि त्यात १० ग्रॅम ग्लुटेन पावडर (व्हायटल व्हीट ग्लुटेन नावाने मिळते). ती नसेल तरी होतो, पण पावाची उंची कमी आणि आतली जाळी बारीक, हे धरून चाला. पीठ बारीक दळून घ्या. भरड पीठ पावाला नको. गिरणीतून गरम आलेलं पीठ पूर्ण गार झाल्याशिवाय वापरू नका. जून ते सप्टेंबर पिठात हवेतला दमटपणा असतो, तेव्हा पाणी १०-१५ मिली हातात राखून ठेवा आणि लागलं तरच घाला.

खपलीत ग्लुटेन असतं, पण कमजोर. खिरीला, पुरणपोळीला उत्तम, पावाला ६० ग्रॅमच्या वर नको. नाचणीत ग्लुटेन अजिबात नाही, ३० ग्रॅमपर्यंत ठीक, त्यापुढे पाव भुसभुशीत होऊन कापताना सांडतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गव्हाचा पाव म्हणजे कमी कॅलरी असा समज असतो, तो खरा नाही. वरच्या मापाने एका पावाला सव्वाशेच्या आसपास कॅलरी पडतात, मैद्याच्या तेवढ्याच वजनाच्या पावालाही जवळपास तितक्याच. फरक तंतूंचा. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम, मैद्यात तीनच्या आत. ७० टक्के गहू आणि ३० टक्के मैद्याच्या एका पावात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास तंतू येतात, मैद्याच्या पावात एक ग्रॅमच्या आत. पोट भरल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. पण म्हणून चारच्या जागी सहा पाव खाऊ नयेत.

मंडईवाली:
आता भाजी. चौघांसाठी: फ्लॉवर २५० ग्रॅम, दुधी २०० ग्रॅम, मटार १०० ग्रॅम, बटाटा एकच मध्यम, टोमॅटो ३०० ग्रॅम, सिमला मिरची १, कांदा १, रंगासाठी बिटाची दोन चकत्यांएवढी फोड. बटाट्याचा दाटपणा इथे फ्लॉवर आणि दुधी देतात. दुधी कुकरमध्ये पाण्यात घालू नका. भाज्या चाळणीत, खाली पाणी, अशा वाफवा. पाण्यात शिजवलेल्या दुधीची भाजी कितीही आटवली तरी पांचट लागते, आणि मग ती चव भरून काढायला बटर घातलं जातं.

बिनतेलाची पावभाजी मात्र करू नका. लाल मिरचीचा रंग आणि मसाल्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात नाही. तेल नसेल तर मसाला कच्चा लागतो. २ छोटे चमचे तेल पुरे, पण ते मसाल्याच्या वाट्याला आलं पाहिजे. भिजवलेल्या ५-६ काश्मिरी मिरच्या आणि ८ लसूण पाकळ्या वाटून घ्या. जाड तव्यावर तेल तापवून आधी हे वाटण आणि २ छोटे चमचे पावभाजी मसाला मंद आचेवर मिनिटभर परता. तेल लाल झालं की कांदा, सिमला मिरची, चिमूटभर मीठ, वर झाकण. तळाशी लागायला लागलं की तेल नव्हे, दोन चमचे पाणी शिंपडा आणि खरवडा. मग टोमॅटो. घाई होते ती इथे. टोमॅटो मॅशरने दाबत राहा, तव्यावर रेघ ओढली की ती लगेच भरून यायची बंद होईपर्यंत, साधारण १० ते १२ मिनिटं. टोमॅटोचं पाणी राहिलं की भाजी आंबट आणि पातळ. त्यानंतर वाफवलेल्या भाज्या, खाली उरलेलं पाणी लागेल तसं, आणि १० मिनिटं दाबून दाबून शिजवा.

बटर सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर, चौघांत मिळून २ छोटे चमचे. सुरुवातीला घातलेलं बटर भाजीत मुरतं, वास हरवतो. वर घातलेलं आधी नाकाला लागतं, म्हणून थोडक्यात भागतं. मीठ बटर घातल्यावरच शेवटचं चाखा, कारण बटर खारट असतं आणि काही मसाल्यांतही मीठ असतं. पाव तव्यावर बटरमध्ये लोळवू नका: तवा चांगला तापवा, कापलेली बाजू भाजीच्या मसाल्यावर एकदा फिरवा आणि कोरडीच भाजा.

भट्टीवर:
साठवणीचं राहिलंच. फ्रिजमध्ये ठेवू नका, पाव शिळा सगळ्यात लवकर तिथेच होतो. बाहेर या दमट हवेत दीड-दोन दिवस, मग बुरशी. उरलेले पाव गार झाल्याबरोबर पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाका. खाताना पाण्याचा हात लावून ओटीजीत १६० अंशांवर ५-६ मिनिटं, किंवा तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर. ओटीजीतून आत्ता काढल्यासारखे होतात.