टपावरचा सायकल रॅक: पैसे दांड्यांवर घाला, ट्रेवर वाचवा

सह्यचाक

कमी पैशात टपावरचा सायकल रॅक घेणाऱ्या प्रत्येकाला मला एकच सांगायचंय. पैसे टपावर आडव्या बसणाऱ्या दांड्यांवर घाला, त्यांच्यावरच्या, सायकल धरणाऱ्या ट्रेवर वाचवा. बहुतेक जण नेमकं उलट करतात. ट्रे नावाजलेल्या कंपनीचा, कुलूप-किल्लीवाला घेतात आणि तो बसवतात कुठे, तर 'सगळ्या गाड्यांना बसतो' म्हणून विकलेल्या हलक्या दांड्यांवर. सगळा ताण तर तिथेच येतो.

जरा हिशेब करा. १५ किलोची सायकल टपावर उभी आहे. समोर कुत्रं आलं म्हणून तुम्ही ब्रेकवर जवळजवळ उभेच राहिलात. त्या क्षणी सायकल १२ किलोच्या आसपास जोराने पुढे ओढली जाते, आणि हा जोर दांडीच्या पातळीवर नसतो, तिच्या अर्धा मीटर वर असतो. म्हणजे पुढची दांडी खाली दाबली जाते आणि मागची उचकटायला बघते. म्हणूनच दोन दांड्यांमधलं अंतर गाडी देईल तेवढं जास्त ठेवायचं, आणि दांडीचा पाय, म्हणजे तिला टपावर अडकवणारा टोकाचा भाग, टपाला किती घट्ट धरतो ते सगळ्यात आधी बघायचं. वाऱ्याचं गणित वेगळंच. वेग ५० वरून १०० वर गेला की वाऱ्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. टपावर सायकल असताना मी ८० च्या वर जात नाही, एक्सप्रेसवेवरही नाही.

खरेदीच्या आधी गाडीचं माहितीपुस्तक उघडा. टपावर किती वजन चालतं ते त्यात असतं. ट्रायबर, कायगरसारख्या गाड्यांच्या रेल्स (टपाच्या दोन्ही कडांच्या लांब पट्ट्या) ५० किलोसाठी आहेत असं कंपनीच सांगते. पण कित्येक गाड्यांच्या रेल्स निव्वळ शोभेच्या असतात, आणि त्यांच्यावर वजन लादू नका असं पुस्तकात स्पष्ट छापलेलं असतं. ५० किलोत दांड्याही आल्या, ट्रेही आले. दांड्या ५ किलो, दोन ट्रे मिळून ८, आपल्याकडच्या लोखंडी गिअरच्या दोन सायकली ३२. झाले ४५. तिसऱ्या सायकलीला जागा दिसते, पण वजनात ती बसत नाही.

ट्रे मात्र साधा चालतो. फ्रेमची खालची नळी धरणारा हात, दोन चाकांना दोन पट्टे, बस्स. थुले या रॅकच्या कंपनीचा सगळ्यात साधा फ्रीराइड ट्रेसुद्धा १७ किलोपर्यंतच आहे. तेव्हा स्वस्त असो की महाग, सायकल काट्यावर ठेवूनच रॅक घ्या. ई-सायकलचा विचार टपासाठी करूच नका.

डेक्कनचा_पेडल

दांड्यांचं पटलं. पण मुळात टपच का? मी डिकीला लावायचा पट्ट्यांचा रॅक वापरतो. सायकल कमरेएवढीच उचलावी लागते, काम झालं की रॅक घडी करून माळ्यावर जातो.

टपावरच्या रॅकचा खरा शत्रू वारा नाही, विसर आहे. दीड मीटरची गाडी, वर रॅक आणि सायकल, मिळून २.७ मीटर होतात. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगची उंची जेमतेम २.१-२.२ मीटर असते. पहाटे चारला निघालेला माणूस दुपारी थकून घरी येतो आणि सवयीने सरळ उतारावर गाडी घालतो. आमच्या सोसायटीत एकाचं असं झालं. सायकलीचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहाती भाग) गेला, रॅक गेला, टपाचा पत्रा बसला. आणि वाई-पाचगणी रस्त्यावर वडाच्या पारंब्या, गावातल्या केबलच्या वायरी, लग्नाचे मांडव, हे सगळं २.७ मीटरच्या आसपासच लोंबकळत असतं. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर हवी, ती आभाळाकडे का लावायची?

पाचफुटी

माझ्यासारख्या पाच फूट उंचीच्या बाईचा प्रश्न या चर्चेत कुणी घेतच नाही, म्हणून लिहिते. १६ किलोची सायकल डोक्याच्या वर उचलायची, ती एका हाताने तोलायची आणि दुसऱ्या हाताने ट्रेचा फ्रेम धरणारा जबडा आवळायचा, हे एकटीने होत नाही. दाराच्या उंबऱ्यावर उभं राहून करावं लागतं आणि पाय घसरला तर सायकल आपल्याच अंगावर. एसयूव्ही असेल तर विषयच संपला. दोघं असाल तर टप. एकटीने जाणार असाल तर मागची सीट पाडा, पुढचं चाक काढा, खाली जुनी गोधडी अंथरा आणि सायकल आत घाला. वॅगनआरमध्ये बसते. खर्च शून्य आणि चहाला थांबल्यावर चोरीची धास्ती नाही.

डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून घाला. चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड चिकटतात आणि मग चाक परत आत जात नाही.

कलम_बावन्न

@डेक्कनचा_पेडल, डिकीच्या रॅकबद्दल दोन गोष्टी तुम्ही सोडल्यात. पहिली, नंबरप्लेट. दोन सायकली लावल्या की बहुतेक गाड्यांची प्लेट झाकते, कधी टेललाइटही. झाकलेली प्लेट घेऊन रस्त्यावर जाणं हा सरळ गुन्हा आहे. दुसरी, रुंदी. सायकल साधारण १.७५ मीटर लांब असते, मोठ्या चाकांची त्याहून थोडी जास्त. ती डिकीला आडवी लागते. वॅगनआर १.६२ मीटर रुंद, ऑल्टो के१० तर १.४९. म्हणजे चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४(१अ) वाचा: गाडीच्या अंगाबाहेर बाजूला माल निघाला तर २०,००० रुपये दंड आणि वर माल उतरवण्याचा खर्च. टपावर सायकल लांबीच्या दिशेने उभी राहते, हँडल ६०-७० सेंटिमीटरचं. बाजूने काहीच बाहेर येत नाही. शिवाय आपल्या शहरांत मागून दुचाकी किती जवळ चिकटून येतात ते तुम्हीच आठवा. बाहेर आलेलं चाक पहिल्यांदा त्यांच्या गुडघ्याला लागणार.

डेक्कनचा_पेडल

रुंदीचा मुद्दा लहान गाड्यांना लागू आहे, मान्य. पुढचं चाक काढून सायकल लावली की लांबी बरीच कमी होते आणि ती अंगाच्या आत बसते. प्लेटचं म्हणाल तर एकच सायकल वरच्या अंगाला लावली तर माझ्या गाडीची प्लेट पूर्ण दिसते. प्रत्येकाने दहा पावलं मागे जाऊन बघावं, दिसत नसेल तर लावू नये. पण एवढ्यासाठी सगळ्यांनी टपावर चढावं, हे मला पटत नाही.

लेथमास्तर

दांड्यांवर पैसे घाला म्हणजे विकतच्याच घ्या, असं का? मी भोसरीत फॅब्रिकेशन करतो. दोन मिलिमीटर जाडीचा सव्वा इंची चौकोनी पाइप घ्यायचा, टोकं बंद करायची, पावडर कोटिंग करायचं. विकतच्या दांडीच्या एक चतुर्थांश पैशात तितकीच मजबूत दांडी होते. वर ट्रेला यू-बोल्ट बसतात आणि ते चौकोनी पाइपवर फिरत नाहीत, गोल पाइपवर फिरतात. नट मात्र नायलॉकचे, म्हणजे आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे, वापरा, आणि पहिले दहा-पंधरा किलोमीटर झाले की थांबून सगळे एकदा आवळा.

सह्यचाक

मास्तर, दांडी तुमच्याकडून करून घ्यायला माझी अजिबात हरकत नाही. माझी हरकत पायांना आहे. दांडी सरळ असते, तिच्यात लपवण्यासारखं काही नसतं. पाय मात्र दाराच्या चौकटीत नाहीतर रेलच्या खाली अडकतो, आणि तिथला पत्रा प्रत्येक गाडीत वेगळ्या वळणाचा. विकतच्या चांगल्या पायाला त्या मॉडेलचं रबर आणि त्या मॉडेलवर किती वजन चालतं तो आकडा येतो. वेल्ड केलेल्या पायाची चीर वेल्डच्या कडेलाच सुरू होते आणि रंगाखाली दिसत नाही. गतिरोधकांच्या आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी ती हळूहळू वाढते. जुनी ओम्नी किंवा जिप्सी असेल, टपाच्या कडेला पन्हळ असेल, तर तुमचा पायही चालेल, कारण तिथे धरायला सरळ कड मिळते. बाकी गाड्यांना पाय विकतचे, दांडी तुमची. यात पैसेही वाचतात.

लेथमास्तर

पायाला वेल्ड कशाला, वाकवलेली जाड पट्टी आणि बोल्ट करता येतो. पण चौकटीच्या वळणाचं खरं आहे. प्रत्येक गाडीसाठी साचा करायचा तर माझी मजुरीच विकतच्या पायापेक्षा जास्त होईल.

किनारी_वाट

मी या सगळ्याच्या पलीकडचं बोलतो. सायकल गाडीवर नेली की गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. कोकण किनाऱ्याची सगळी मजा पुढे पुढे जाण्यात आहे. दापोलीहून दाभोळ, तिथून फेरीबोटीने धोपावे, गुहागर, मग तवसाळहून बोटीने जयगड. गाडी दापोलीत उभी असेल तर हे होतच नाही. त्यापेक्षा सायकल रात्रीच्या खासगी बसच्या पोटात टाका, आधी बोलून घ्या, चाकं काढून चादरीत गुंडाळा. रेल्वेत लगेज म्हणून बुक करता येते. रॅकचे पैसे बसच्या तिकिटांत किती वर्षं पुरतील याचा हिशेब करा.

पाचफुटी

@किनारी_वाट, लहान मुलं आणि त्यांच्या सायकली घेऊन रात्रीच्या बसने? आम्हाला तरी ते झेपत नाही. ज्याला लांब पल्ला करायचाय त्याने बस धरावी. ज्यांना शनिवारी ताम्हिणीच्या पायथ्याला मुलांना दोन तास सायकल चालवू द्यायचीय, त्यांच्यासाठीच ही चर्चा आहे.

किनारी_वाट

मुलं असतील तर गाडी हवीच. माझं म्हणणं एकट्या-दुकट्या लांब पल्लेवाल्यांसाठी. रॅक घेण्याआधी त्यांनी आपली सफर गोल आहे की सरळ, एवढं तरी ठरवावं.

नवी_गिअर

मी नेमक्या अडचणीत आहे. डिझायर, टपावर रेल्स नाहीत. सायकल कार्बनची, पुढे थ्रू-अॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. फ्रेम धरणारा साधा ट्रे घेऊ का?

सह्यचाक

नको. खालची नळी आवळणारा जबडा कार्बनच्या फ्रेमला लावू नका. नळी किती दाबाला चिरडेल ते बाहेरून कळत नाही. पुढचं चाक काढून फोर्क धरणारा ट्रे घ्या. तो स्वस्त असतो, सायकल खाली बसते, वाराही कमी लागतो. साधा फोर्क-ट्रे ९ मिलिमीटरच्या क्विक-रिलीजसाठी, म्हणजे खटक्याने सुटणाऱ्या बारीक आसासाठी, असतो. तुमचा अॅक्सल १२ चा आहे की १५ चा ते बघून त्या मापाचा अडॅप्टर घ्या. काढलेलं चाक डिकीत, आणि पॅडमध्ये ताईंनी सांगितलेला पुठ्ठा.

दांड्या तुमच्या डिझायरच्या त्या वर्षाच्या मॉडेलसाठी दाराच्या चौकटीचे पाय मिळत असतील तरच. दुकानदार 'बसेल की' म्हणाला तर पायाचं रबर चौकटीवर ठेवून दाखवायला सांगा आणि दार लावून बघा. दार लावताना अडलं किंवा रबराखाली फट दिसली, तर ते पाय घेऊ नका. मग डेक्कनच्या पेडलचा डिकीचा रॅकही कार्बनसाठी नकोच, तो वरच्या नळीवर लटकवतो. तुम्ही पाचफुटी ताईंचं ऐका, मागची सीट पडत नसेल तर दोन्ही चाकं काढून सायकल सीटवर आडवी ठेवा, गिअरची बाजू वर.