मदत हवी आहे: १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए चा टप, नवीन पत्रा डबडब वाजतोय

गॅरेजवाला_नाही:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी ओहायोत असतो, नोकरी कॉम्प्युटरची. वेल्डिंगचं शिक्षण म्हणजे यूट्यूब आणि लहानपणी कोल्हापुरात मामाच्या गॅरेजात काढलेल्या मे महिन्याच्या सुट्ट्या, तेव्हाही माझं काम फक्त टॉर्च धरायचं. मागच्या वर्षी इथल्या एका आजोबांकडून १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे (दोन दारांची) घेतली. गाडी ओरिजिनल अजिबात नाही. त्यांनी स्वतःच साठच्या दशकात तिचा टप तीन इंच कापून खाली घेतलेला, त्याला इथे चॉप म्हणतात, आणि मग लग्न, पोरं, नोकरी यात गाडी जी शेडमध्ये गेली ती मी बाहेर काढेपर्यंत तिथेच होती.

चॉप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टप ज्या खांबांवर उभा असतो ते सगळे आडवे कापायचे, दारांच्या वरच्या चौकटीसुद्धा, मधला तीन इंचाचा तुकडा काढायचा आणि टप खाली बसवून परत जोडायचा. ऐकायला लाडू वळण्याइतकं सोपं. पण खांब वर जाताना जरा जरा कललेले असतात त्यामुळे खाली आणलेला टप खालच्या कापावर बरोबर बसत नाही, कुठे पाव इंच आत कुठे बाहेर. मॉडेल ए त्यातल्या त्यात गरीब गाय, खांब बऱ्यापैकी उभे आणि काचा सगळ्या सपाट, काचवाल्याकडे नेल्या की तो कापून देतो.

आता माझा प्रश्न. या गाड्यांच्या टपाला मधोमध भोक असतं. गंजून पडलेलं नाही, कंपनीनेच ठेवलेलं. त्या काळी एवढा रुंद पत्रा एका तुकड्यात मिळणं आणि दाबणं अवघड, म्हणून कडेने पत्रा आणि मध्ये लाकडी पट्ट्या, त्यावर कोंबड्याच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, त्यावर कापूस आणि सगळ्यात वर डांबरट काळं कापड. जनरल मोटर्सने १९३५ ला अख्खा पोलादी टप आणला, फोर्डला १९३७ उजाडलं. माझ्या गाडीतली लाकडं हात लावला की भुगा होत होती, कापड तर नव्हतंच. म्हणून ठरवलं की हॉट रॉडवाले (जुन्या गाड्या कापून-जोडून वेगवान करणारे) करतात तसं भोक पत्र्याने कायमचं बुजवायचं.

भंगारवाड्यातून एका जुन्या व्हॅनच्या टपाचा तुकडा कापून आणला, जाडी ०.८ मिमी. तीन बाजूंना कडेला कड भिडवली, मागच्या बाजूला माप चुकलं म्हणून पत्र्यावर पत्रा चढवला (हो, माहितीये). मिग वेल्डिंग (बंदुकीतून तार आपोआप सरकते ते विजेचं वेल्डिंग), तार ०.६ मिमी. आधी इंचाइंचावर टाके मारले, तोपर्यंत सगळं छान. पण शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे पाहुणे जेवायला येणार होते आणि त्याआधी संपवायच्या नादात मी दोन दोन तीन तीन इंचाच्या सलग ओळी ओढल्या, थांबलोच नाही. रविवारी सकाळी हात ठेवला तर पत्रा खाली. वर दाबला की वर. डबडब, डबडब. बिस्किटाच्या डब्याचं झाकण असावं तसं. सात वर्षांच्या लेकीला नवीन खेळणं मिळालंय.

तर हा पत्रा वाचेल का, की सगळं कापून पहिल्यापासून सुरू करू? पत्रा आकसवायला मधोमध तापवून लाल करून ओलं फडकं मारतात, तो प्रकार इथे चालेल का? आणि तिसरं, खांबांवरचा रंग खरवडला तर खाली पिवळा जोड निघाला, आणि त्यावर राखाडी मऊ काहीतरी, फ्रिजवरचं मॅग्नेट तिथे चिकटत नाही. ते काय आहे आणि त्याचं काय करू?

सिन्नरकर७१:

उत्तर माहीत नाही, पण एवढी नव्वद वर्षांची गाडी कापायची बुद्धी कशी होते हो लोकांना? आपल्याकडे असती तर पूजा केली असती.

गॅरेजवाला_नाही:

दादा, कापली मी नाही, मी फक्त निस्तरतोय :) पण त्यांची बाजू पण ऐका. मॉडेल ए चार वर्षांत ४८ लाखांच्या वर बनल्या, महायुद्धानंतर इथल्या पोरांना त्या मातीमोल किमतीत मिळायच्या. कॅलिफोर्नियात मुरोक, एल मिराज अशी कोरडी तळी आहेत, तिथे तिसाच्या दशकापासूनच या गाड्या पळवायचे, वेग मोजायचे, १९३७ ला त्यांची रीतसर संघटना पण झाली. टप खाली घेतला की वाऱ्याला अंग कमी. नंतर वारा राहिला बाजूला आणि ती फॅशन झाली.

पुणेरी_पद्मिनी:

विषयाला सोडून विचारते, माझ्या बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला असं करता येईल का, दिसते भारी.

पत्रामास्तर:

ताई, नका करू. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीच्या मूळ रचनेत असला बदल चालत नाही. शिवाय पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, तीही मूळ रूपात असेल तरच. टप कापलात की गेली. बाबा घरातून काढतील ते वेगळंच.

आता मूळ धाग्याकडे. गॅरेजवाले, पत्रा वाचेल, कापू नका. आणि कृपा करून मधोमध लाल करू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या मधल्या पत्र्याला काही झालेलं नाही, तो आहे तेवढाच आहे. आकसली आहे ती कडेची शिवण. वेल्डिंग थंड होताना आक्रसतं, चारही बाजूंनी चौकट आवळली गेली आणि मधला पत्रा तिला जास्त झाला, म्हणून तो कधी वर कधी खाली पळतोय. पायजम्याची नाडी ओढली की कापड गोळा होतं ना, तसं. मग कापड कापायचं की नाडी सैल करायची?

शिवण सैल करायची म्हणजे ठोकून परत लांबवायची. आधी वेल्डिंगचा उंचवटा ग्राइंडरने पत्र्याच्या पातळीला आणा, जमेल तिथे खालूनही. घाई नको, ग्राइंडरचीही गरमी लागते, निळं पडलं की थांबा. मग आतून शिवणीला डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) घट्ट टेकवून वरून बरोबर डॉलीवर हातोडी, लहान लहान ठोके. आवाज टण्ण असा भरीव आला की ठोका डॉलीवर बसला, पोकळ आला की चुकला. मिगचं वेल्डिंग कडक असतं, गॅस वेल्डिंगसारखं लोण्यासारखं पसरत नाही, वेळ लागेल. दर अर्ध्या फुटाला हात फिरवून मध्ये काय फरक पडला ते बघा.

हौशी_पेंटर:

मास्तरांशी सहमत, पण मागच्या बाजूची चढवलेली कड आत्ताच काढा असं मी म्हणेन. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी बसतं, आतून गंजतं, आणि नाही गंजलं तरी उन्हात गाडी तापली की रंगाखालून ती रेघ दिसायला लागते, वर लांबी (पुट्टी) भरून कितीही घासा. काळी करणार असाल तर विचारूच नका, काळ्या रंगात पाप लपत नाही.

मृण्मयी_एस:

आम्ही न्यू जर्सीत, नवऱ्याची १९३० ची मॉडेल ए आहे, न कापलेली. जरा विरुद्ध बोलते. लाकडी पट्ट्या, जाळी, कापड हे सगळं नवीन तयार मिळतं आणि ते बसवायला वेल्डिंग लागत नाही. आम्ही दोघांनी दोन वीकेंडमध्ये केलं, वरचं कापड उन्हात तापवून ताणायचं, नाहीतर सुरकुत्या राहतात, आमच्या पहिल्या प्रयत्नात होत्या. पावसाचा आवाजही पत्र्यावर येतो तसा येत नाही. पत्रा नाहीच जमला तर हा रस्ता आहे, एवढंच.

आणि ते राखाडी म्हणजे शिसं! प्लीज ग्राइंडर लावू नका.

पत्रामास्तर:

हो, ते राहिलंच. ताई बरोबर सांगताहेत. त्या काळी खड्डे बऱ्याचदा शिशाने भरायचे. ग्राइंडर किंवा सँडर लावलात तर धूळ घरभर जाईल, आणि घरात लहान मूल आहे. हलक्या ज्योतीने वितळवून खाली ट्रेमध्ये पाडा, उरलेलं तारेच्या हातब्रशने पुसा, तोंडाला चांगला मास्क, दार उघडं, कपडे वेगळे धुवायचे आणि लेक गॅरेजात नको.

पिवळं म्हणजे पितळ, ब्रेझिंग केलंय, म्हणजे पितळ वितळवून जोडलंय. त्यावर मिग मारू नका, पितळ वेल्डिंगमध्ये मिसळलं की जोडाला भोकं पडतात, तडे जातात. खांबाचा जोड आहे, टपाचा भार त्याच्यावर आहे. पितळेसकट ती पट्टी कापून काढा, नवा पत्रा घाला, आतून एक नळी किंवा पट्टी सरकवून मग जोडा. आणि एका वेळी एकच खांब! चारही मोकळे केलेत तर टप कुठे जाईल सांगता येत नाही. दारं लावून, आतून आडव्या-तिरक्या पट्ट्यांनी आवळून मगच कापायचं.

अजून एक. टपाखाली आडवे आधार दिलेत का? लाकडं काढलीत म्हणजे आता काहीच नाही.

गॅरेजवाला_नाही:

आधार नाहीत :( एक इंची चौकोनी नळ्या वाकवून तीन टाकतो.

काल रात्री मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे आठ, मामा दात घासत होता. चाळीस वर्षं पत्र्याचं काम करतोय पण मॉडेल ए कधी बघितली नाही. मी फोटो दाखवायला लागलो तर म्हणाला, "फोटो ऱ्हाऊ दे, वाजवून दाखव." मग मी फोन टपावर ठेवून एका टोकापासून बोटाने टिचक्या मारत गेलो, तो तिकडून "फुडं... फुडं... हां, थांब. हितं. हितं आवळलंय बघ." जिथे थांबवलं ती जागा म्हणजे शनिवारी मी सगळ्यात लांब ओळ ओढली तीच. मी काही सांगितलेलं नव्हतं. मग म्हणाला, "पावणं जेवायला आल्यात म्हणून कुणी पत्रा जाळतंय व्हय रं?" हे मात्र आईने आधीच पोचवलं होतं.

मास्तर, त्याने सांगितलं ते आणि तुम्ही लिहिलंत ते शब्दाला शब्द एकच.

गॅरेजवाला_नाही:

अपडेट. मागची चढवलेली कड अजून तशीच आहे, ती पुढच्या आठवड्यात. बाकी तीन बाजू घासून घेतल्या, आणि आज चार तास ठोकाठोक. बायको आत सीटच्या जागी स्टुलावर बसून डॉली धरत होती, दोघांच्या कानाला हेडफोनसारखे ते मफ, त्यामुळे ओरडून काही उपयोग नाही, मग मी टपावर दोनदा टकटक केलं की पुढे सरक, एकदा केलं की थांब. पहिला तासभर काहीच फरक नाही, मला वाटलं उगाच हात मोडून घेतोय. मग डाव्या बाजूची अर्धी शिवण झाली आणि सहज मध्ये हात ठेवला तर पत्रा खाली गेलाच नाही. थोडा नरम आहे, पण डबडब नाही. उजवी बाजू आणि पुढचीही आता बरी आहे.

फक्त उजवा मागचा कोपरा, जिथे चढवलेली कड सुरू होते, तळहाताएवढी जागा अजून उडी मारते. ती कड कापल्यावर आपोआप सैल होईल, की तिथेही ठोकून घेऊ मग कापू? खांबाचं काम तोवर थांबवलंय, शिशासाठी मास्क मागवलाय, आणि लेकीला गॅरेजबंदी.

पत्रामास्तर:

आधी कड कापा. मग वाजवून बघा. कापायच्या आधी ठोकलंत तर दोन पत्रे एकदम ठोकले जातील आणि कुठला लांबला ते कळणार नाही. वहिनींच्या हाताला तेल लावा.

गॅरेजवाला_नाही:

ओके, शनिवारी कापतो. या शनिवारी पाहुणे नाहीत, विचारून घेतलंय.