अनुभव धागा : कोल्ट्रेनने आपल्या कानांचं काय केलं?

अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ चा, म्हणजे २०२६ हे त्याचं जन्मशताब्दी वर्ष. माणूस १९६७ च्या जुलैत यकृताच्या कर्करोगाने गेला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांचा होता. आपल्यातल्या कित्येकांना जाझची गोडी त्याच्या सॅक्सोफोनमुळे लागली, काहींनी त्याच्याचमुळे जाझला लांबून नमस्कार केला. दोन्ही पक्षांचे अनुभव येऊ द्या. चरित्र नको, ते कुठेही मिळतं.

सुरुवात मी करतो. घरात ख्याल ऐकायची सवय, वाद्यसंगीत त्या मानाने कमीच. कुणीतरी 'माय फेव्हरिट थिंग्ज' ऐकवलं, १९६० चं ध्वनिमुद्रण. मूळ एका संगीतिकेतलं गोडगोड गाणं. कोल्ट्रेन सोप्रानो सॅक्सोफोनवर मुखडा वाजवतो, आणि मग मॅकॉय टायनर पियानोवर दोनच कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) घोळवत बसतो. मिनिटंच्या मिनिटं! वर सॅक्सोफोन हवा तिकडे भटकतो, मुखड्याशी येतो, पुन्हा सुटतो. तेव्हा लक्षात आलं की चाल ही नुसती खुंटी असते. त्यानंतर बंदिश ऐकतानाही माझा कान मुखड्यावर न थांबता पुढच्या बढतीकडे जायला लागला.

* * *

आता यावर कुणीतरी "हे तर आपल्या रागासारखंच" म्हणणार, म्हणून आधीच लिहिते. त्याला आपल्या संगीताची ओढ होती, नक्कीच. रविशंकरांच्या नावावरून मुलाचं नाव रवी ठेवलं, तोही पुढे सॅक्सोफोनवादक झाला. पण १९५९ मध्ये मुद्रित केलेलं 'जायंट स्टेप्स' ऐका आणि मग बोला. मी हार्मोनियम वाजवते. त्यातले कॉर्ड बसवायला घेतले तर हात पोचेपर्यंत षड्जच दुसरीकडे गेलेला! तीन वेगवेगळे षड्ज, आणि प्रत्येकावर क्षणभरच मुक्काम. टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादकसुद्धा आपल्या पाळीला अडखळतो, ते त्या ध्वनिमुद्रणात स्वच्छ ऐकू येतं. मला फार धीर आला, खरं सांगते. जन्मभर एका षड्जाच्या आधाराने गाणाऱ्यांना तो आधार किती मोठा आहे हे कळत नाही. मला ते कोल्ट्रेनमुळे कळलं.

* * *

तबलेवाला आहे, त्यामुळे माझा कान थेट एल्विन जोन्सच्या ड्रम्सवर. 'माय फेव्हरिट थिंग्ज' तीन मात्रांचं. मोजायला बसलो तर झांजेवर एक चाललंय, डाव्या हाताने तिसरंच काही, आणि सम दाखवायची कुणाला फिकीरच नाही. चिडून मोजणं सोडलं, तेव्हा झोका सापडला.

* * *

मी दुसऱ्या पक्षातला. १९६५ नंतरचा, चाल आणि ताल मोकळे सोडलेला कोल्ट्रेन मला झेपत नाही, आणि 'अजून कान तयार झाले नाहीत' हे उत्तर मला मान्य नाही. पण त्याच माणसाचं 'अलाबामा' मी कितीही वेळा ऐकेन. सप्टेंबर १९६३ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला, चार मुली गेल्या. दोनच महिन्यांनी हे मुद्रित झालं. सुरुवातीला ताल नाही. पियानो खालच्या पट्टीत नुसता घुमतो आणि वर सॅक्सोफोन एकेक वाक्य बोलून थांबतो. मला संदर्भ ठाऊक नव्हता, तरी पहिल्याच वाक्याला हातातलं काम बाजूला ठेवलं होतं.

* * *

'अ लव्ह सुप्रीम' या अल्बमबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? ९ डिसेंबर १९६४, न्यू जर्सीतला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, चार भाग. पहिल्या भागात बासवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) चार सुरांचा एक तुकडा येतो, आणि पुढे कोल्ट्रेन तोच तुकडा बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो. मी सॅक्सोफोन शिकतो. वाद्याच्या मुखाची पत्ती (रीड) तोंडात ओली करून हाच तुकडा एकेका पट्टीत काढणं हा माझा रोजचा पाठ आहे. गुरुजी कंटाळले, मी नाही.

पण खरी गंमत चौथ्या भागात. तबकडीच्या वेष्टणावर कोल्ट्रेनने लिहिलेली प्रार्थना छापलेली आहे. ती समोर धरून ऐका. सॅक्सोफोन तीच प्रार्थना शब्दाशब्दाने म्हणतोय. ओळ संपली की सूर उतरतो, पुढची ओळ नव्याने उचलली जाते. तोवर मी वाद्यातून फक्त सूर काढत होतो. आता कुठलीही धून घेतली की आधी तिचे शब्द पाठ करतो.

* * *

सगळं वाचून ऐकावंसं वाटतंय, पण नवख्याने सुरुवात कुठून करायची?

* * *

'बॅलड्स' हा अल्बम. संथ प्रेमगीतं आहेत, कुणी घाबरत नाही. 'जायंट स्टेप्स'ला इतक्यात हात लावू नका, आणि १९६५ नंतरचं ऐकलंत तर इथे भांडायला या.