.१७७ एअर रायफल: घरी दस्ता करणे आणि आवाज कमी करणे

लेथवाला: निवृत्तीनंतर हाताला काम हवं म्हणून .१७७ इंच व्यासाची ब्रेक-बॅरल (नळी मोडून स्प्रिंग दाबायची) स्प्रिंग रायफल घेऊन तिला नवा लाकडी दस्ता करायचा बेत आहे. घरी छोटा लेथ आहे. तळमजल्यावरच्या गाळ्यात १० मीटर सरळ अंतर मिळतं, पण वर लोक राहतात. सायलेन्सर वळून नळीला बसवला तर? आणि लाकूड सागवान घ्यावं की शिसव?

दहा_मीटर: सायलेन्सरचं नावच काढू नका. शस्त्र नियम २०१६ मध्ये आवाज दाबणारी जोडणी निषिद्ध वर्गात आहे. .१७७ व्यास आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तर लागतो. म्हणून जोरही वाढवू नका. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७५ मीटरने सुटला की २० ज्यूल भरले. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) मोजूनच ठेवा.

शिवाय स्प्रिंग रायफलीत त्रास देणारा आवाज बराचसा दुसरीकडूनच येतो: छर्रा पत्र्यावर आपटतो तो, आणि स्प्रिंग झणझणते तो. छर्रे अडवायला १८ मिमी प्लायची खोकी करा, मागे ४ मिमी पोलादी पत्रा, पुढे पाईप बुजवायची न सुकणारी पुट्टी ४०-५० मिमी जाड. ‘टण्ण’ जाऊन ‘थप्’ उरतं. एकाच जागी शिसं साचलं की छर्रे उलटे उडतात, तेव्हा ते वेळोवेळी खरवडून काढा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा. खोकीमागे पक्की भिंतच हवी, आणि गाळ्याचं दार आतून बंद.

दट्ट्या: झणझण थांबवायला तुमचा लेथ कामी येईल. कारखान्याचा स्प्रिंग गाईड (स्प्रिंगच्या आतला दांडा) बहुधा सैल असतो. डेलरिनचा (एक कडक प्लास्टिक) असा वळा की स्प्रिंग हाताने किंचित जोर लावूनच चढेल. फार घट्ट झाला तर वेग पडतो. स्प्रिंगला घट्ट डॅम्पिंग ग्रीसचा पातळ हात पुरे. सिलिंडरमध्ये खनिज तेल अजिबात नको, दाबाने पेटतं आणि सील जळतं. उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसर वापराच. मोकळी रायफलही आत दाबलेलीच असते, मागची पिन निघताच स्प्रिंग तोंडावर येते. छर्रा न भरता चाप ओढू नका, दट्ट्या थेट पुढच्या भिंतीवर आदळतो.

रंधा: सागवानात सिलिका असते, पटाशीची धार लगेच जाते, तेलकटपणामुळे इपॉक्सीही नीट धरत नाही, आधी ॲसिटोनने पुसावं लागतं. शिसव घ्या, वजन मात्र जाणवेल. अक्रोड मिळाला तर सोन्याहून पिवळं. लाकूड पुरतं वाळलेलं हवं, आणि मुठीच्या जागी रेषा मुठीच्या दिशेनेच धावायला हव्यात. आडव्या गेल्या की दस्ता तिथेच तडकतो.

खाच कोरताना ॲक्शनला (दस्त्यात बसणाऱ्या लोखंडी भागाला) काजळ लावून दाबा, काळं उठेल तेवढंच काढा. नळी मोडताना खाली येणाऱ्या दांड्याला खाच लांब ठेवा, आणि ॲक्शन घट्ट बसावी म्हणून खाचेत इपॉक्सी भरलीत तर ती तिथे जाऊ देऊ नका. आधी ॲक्शनला मेणाचा हात दिला नाही तर ती कायमची चिकटेल. स्क्रूंखाली ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवा, नाहीतर लाकूड दबत जातं, स्क्रू ढिले होतात आणि निशाण्यावर छर्र्यांचा गट पसरतो. स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद), लाल नको.

लेथवाला: दुर्बीण?

दहा_मीटर: स्प्रिंग रायफलीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो, साधी दुर्बीण आतून निखळते. एअरगनसाठीचीच घ्या, पॅरॅलॅक्स (डोळा हलला की निशाण सरकल्यासारखं दिसणं) १० मीटरपर्यंत जुळवता येणारी. आणि पुढचा हात सैल ठेवा; रायफल घट्ट आवळली की छर्रे वर-खाली जातात.