मदत हवी आहे: आईचा आखडलेला खांदा आणि शुगर

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आईला जुना मधुमेह, इन्सुलिन चालू आहे. त्यात उजवा खांदा आखडलाय. अंबाडा घालायला हात मागे जात नाही, रात्री त्या कुशीवर वळली की कळ येऊन जागी होते. फार हाल बघवत नाहीत. फ्रोजन शोल्डर आहे. मधुमेह्यांना तो जास्त होतो म्हणे. डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय, पण त्याने काही दिवस शुगर वाढते, म्हणून ती घाबरलीय.

कुणी घेतलंय का? इन्सुलिनचा डोस डॉक्टरांनी बदलून दिला होता का? की नुसत्या व्यायामाने हात सुटला? शिवाय घरी येणारी, शक्यतो मराठी बोलणारी फिजिओथेरपिस्ट माहीत असेल तर कृपया सांगा. हिंदीत आई ‘ठीक है’च्या पुढे जात नाही.