गॅरेजमध्ये व्हिनाइल कॉम्पोझिशन टाइल (व्हीसीटी): स्लॅबची ओल, टायरचे डाग, पॉलिश

अंगणवाट (न्यू जर्सी)

सेंट्रल जर्सीतलं १९९०च्या दशकातलं घर. घराला जोडून दोन गाड्यांचं गॅरेज, आतून २० × २० फूट, हीटिंग नाही. अर्ध्या भागात रोज एक गाडी लागते, उरलेल्या अर्ध्यात सुतारकामाचं टेबल आणि गणपतीच्या मखराचं सामान. खाली नुसतं काँक्रीट आहे. ढाळ दरवाजाकडे, मधोमध करवतीने कापलेला एक सांधा, गाडीच्या जागी तेलाचे दोन जुने डाग, आणि मागच्या भिंतीलगत वसंतात पांढरी पूड येते.

इपॉक्सी नको आहे. एक कोपरा खराब झाला तर तेवढाच बदलता यावा म्हणून टाइलचा विचार आहे, पांढरा-काळा बुद्धिबळाचा पट. प्रश्न असे:

१. १२ इंची व्हीसीटी घ्यावी, मागे चिकटपट्टी असलेली टाइल, की एकमेकांत अडकणाऱ्या क्लिक फळ्या?
२. ओल नेमकी कशी तपासायची?
३. माल किती लागेल?
४. टायरचे पिवळे डाग पडतात म्हणतात, त्यावर उपाय आहे का?

फरशीवाला

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. चिकटपट्टीवाली टाइल गाडीखाली टिकत नाही. तापलेलं टायर उभं राहिलं की तिचा गोंद मऊ पडतो आणि टाइल सरकते. क्लिक फळ्या तरंगत्या असतात, म्हणजे खाली चिकटवलेल्या नसतात. गाडीचं वजन एका जागी फळी दाबून धरतं, बाकीची फरशी उन्हाळ्यात वाढू बघते, मग कुठेतरी फुगते किंवा तिची खाच तुटते. या तिघांत व्हीसीटीच बरी. १/८ इंच जाड, रंग आरपार, आणि बराचसा भाग चुनखडीची भुकटी असल्यामुळे गाडीखाली दबत नाही. मात्र बहुतेक कंपन्या व्हीसीटी तापमान राखलेल्या बंदिस्त जागेसाठीच विकतात. बिनहीटिंगच्या गॅरेजमध्ये वॉरंटी मिळेल असं धरू नका.

आता ओल, कारण टाइल उखडली तर दहातल्या नऊ वेळा दोष खालच्या स्लॅबचा असतो. तुमची पांढरी पूड म्हणजे लोणा. जमिनीतलं पाणी स्लॅबमधून वर येतं, क्षार वर टाकतं आणि उडून जातं. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या कोडमध्ये गॅरेजच्या स्लॅबखाली प्लास्टिकचा थर सक्तीचा नाही, त्यामुळे घराखाली तो असला तरी गॅरेजखाली नसण्याची शक्यता मोठी.

आधी फुकटची चाचणी. १८ × १८ इंचाचं जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. एक मागच्या भिंतीशी, एक मधे, एक दरवाजाजवळ. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं तर काम थांबवा. कोरडं निघालं तरी एवढ्यावर विसंबू नका. कॅल्शियम क्लोराइडचे तयार किट मिळतात, तुमच्या क्षेत्रफळाला तीन पुरतात, ६० ते ७२ तास ठेवायचे. व्हीसीटीसाठी जुना निकष १००० चौरस फुटांमागे २४ तासांत जास्तीत जास्त ३ पौंड वाफ असा आहे. नवे ग्लू जास्त ओल सोसतात, पण किती ते डब्यावर वाचूनच ठरवा. चाचणी उन्हाळी हवामानात करा. जानेवारीत गोठलेल्या स्लॅबवर आलेला आकडा काही सांगत नाही.

मागच्या भिंतीलगत आकडा जास्त आला तर आधी बाहेर जाऊन बघा. छपराच्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का, माती घराकडे उतरतेय का? पन्हळीच्या पाइपाला सहा फूट लांबी जोडल्याने जे साधतं, ते पाचशे डॉलरच्या रसायनाने साधत नाही.

पृष्ठभागाची तयारी: काँक्रीटवर पाण्याचे थेंब टाका. दोन-चार मिनिटांत मुरले तर ठीक. मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे सीलर किंवा तेल आहे, ग्लू धरणार नाही. तेलाच्या डागांवर डीग्रीझर मारून वरचा थर निघतो, पण खोल मुरलेलं तेल उन्हाळ्यात पुन्हा वर येतं. तेवढा भाग ग्राइंडरने पाव इंच खाली घ्या आणि पोर्टलंड सिमेंटच्या पॅचने भरा. जिप्समचा पॅच नको, ओलीने त्याचा भुगा होतो. ग्राइंडरला हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्युम जोडा आणि चांगला मास्क लावा, काँक्रीटच्या धुळीत फुप्फुसांना घातक सिलिका असते. म्युरिॲटिक ॲसिड ओतू नका, त्याचे क्षार छिद्रांत राहतात आणि नंतर ग्लू सोडवतात. सॉल्व्हंटही नको. गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर सॉल्व्हंटची वाफ थेट त्याच्या ज्योतीपर्यंत पोचते.

सपाटी १० फुटांत ३/१६ इंचापर्यंत चालते. ढाळाला हात लावू नका, टाइल त्याच्या अंगाने बसते. मधला कापलेला सांधा पॅचने भरता येतो, पण तो थोडा हलत राहणार. म्हणून आखणी अशी करा की दोन टाइलांची फट नेमकी त्यावर येईल. भिंतीलगतचा फोम घातलेला सांधा मात्र उघडाच ठेवा.

माल: ४०० चौरस फूट. एका खोक्यात ४५ टाइल, म्हणजे ४५ चौरस फूट. नऊ खोक्यांत हिशेब जेमतेम बसतो, तुटफूट आणि राखीव धरून दहा घ्या, पाच पांढरी, पाच काळी. एका रंगाची सगळी खोकी एकाच लॉटची हवीत. पारदर्शक पातळ थराचा ग्लू १/१६ × १/३२ × १/३२ इंच खाचांच्या थापीने गॅलनला साधारण ३५० चौरस फूट जातो, म्हणून गॅलनचे दोन डबे. थापी नवी घ्या, काँक्रीटवर खाचा झिजतात आणि थराचा अंदाज चुकतो.

लावायचं कधी? स्लॅब आणि टाइल आधीचे ४८ तास, काम चालू असताना आणि नंतरचे ४८ तास ६५ अंश फॅरनहाइटच्या वर राहायला हवेत. तुमच्याकडे सप्टेंबर उत्तम. मे-जूनमध्ये दमट हवा थंड स्लॅबवर येऊन घाम सुटतो. खोकी आडवी रचा, उभी ठेवली तर टाइल वाकते.

दोन चॉकलाइन (खडूच्या दोरीने सरळ रेषा) मारा आणि ६-८-१० च्या त्रिकोणाने गुण्यात आहेत का ते तपासा. गॅरेजच्या भिंती सहसा गुण्यात नसतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. दरवाजाच्या काठाला पूर्ण टाइल येऊ द्या आणि कापलेले तुकडे मागच्या भिंतीकडे ढकला. सगळा मार दरवाजाकडचा काठ खातो, तिथे कापलेल्या टाइलचे टवके उडतात. या काठाला ॲल्युमिनियमची उतरती पट्टी स्क्रूने बसवा. पट्टी आणि टाइल दोन्ही बंद दरवाजाच्या रबराच्या आतच संपवा.

ग्लू पसरला की थांबायचं. तो पांढरा असतो, सुकला की पारदर्शक होतो. बोट टेकवलं तर चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला काही येता कामा नये. इथे घाई झाली तर पाणी टाइलखाली अडकतं, ग्लू पिकत नाही, आणि पुढच्या महिन्यात फटींतून काळपट चिकटा वर येतो. टाइल सरकवून बसवू नका. एक कड शेजारच्या टाइलला टेकवा आणि खाली सोडा. मागे बाण असतात, सगळे एका दिशेला किंवा आळीपाळीने काटकोनात. शेवटी १०० पौंडांचा रोलर भाड्याने आणून दोन्ही दिशांनी फिरवा. कडेचे तुकडे चाकूने खरवडून मोडा, पाइपाभोवतीची गोलाई हीटगनने टाइल गरम करून कापा.

रंधा-पटाशी (ओहायो)

वरच्या माहितीत टायरचं राहिलं. तो डाग मळ नसतो, म्हणून घासून जात नाही. ऊन आणि ओझोनने रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये ६पीपीडीसारखी रसायनं घालतात. ती सतत टायरच्या पृष्ठभागाकडे येत असतात. टायर व्हिनाइलवर तासन् तास उभं राहिलं की ती व्हिनाइलमध्ये शिरतात आणि हवेने तपकिरी-पिवळी पडतात. गरम टायर, नवे टायर आणि रोज नेमकी तीच जागा, हे तीन एकत्र आले की पांढऱ्या टाइलवर चार चौकोन उमटलेच म्हणून समजा. पॉलिशचे थर डाग पडायला उशीर लावतात, पूर्ण थांबवत नाहीत.

म्हणून पांढरा-काळा पट गाडीच्या जागी नको. चाकांच्या वाटेवर दोन-दोन फूट रुंदीचे काळ्या टाइलचे पट्टे घ्या आणि बुद्धिबळ सुतारकामाच्या बाजूला मांडा. पांढरा हवाच असेल तर चारही टायरांखाली पॉलिप्रॉपिलीनच्या कडक टाइलचे तुकडे किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवा. रबरी मॅट अजिबात नको, मॅटचं रबरही तोच डाग देतं. पायपुसणं आणि वर्कबेंचच्या पायांच्या टोप्यासुद्धा रबराच्या नकोत.

वजनाबद्दल: गाडीच्या टायरमध्ये ३२ ते ३५ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हवा असते, आणि जमिनीवरचा दाब ढोबळमानाने तेवढाच. व्हीसीटीला तो जड नाही. जॅक स्टँडचं गणित निराळं. हजार पौंड चार चौरस इंचांवर आले की २५० पीएसआय होतात, आणि स्टँडची धारदार कड असेल तर त्याहून जास्त. खाली पाऊण इंची प्लायवुडचा फूटभर चौकोन घालाच. मोटारसायकलच्या साइड स्टँडलाही हाच नियम. आणि गाडी उभी असताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नका. या पिळानेही टाइल सुटते.

अंगणवाट

पट्ट्यांची कल्पना पटली, बुद्धिबळ एकाच बाजूला करू. पॉलिश खरंच लागतं का? दुकानात बिनपॉलिशचीही मिळते म्हणाले.

फरशीवाला

बिनपॉलिशची असते ती बहुतेक एलव्हीटी (लक्झरी व्हिनाइल टाइल), तिच्यावर झिजेचा थर कारखान्यातच चढवलेला असतो. व्हीसीटी उघडी ठेवली तर सच्छिद्र राहते. तेल आणि मिठाचं पाणी पिते, आणि वर्षभरात राखाडी दिसायला लागते. चालणं, घासणं, डाग हे सगळं पॉलिशने सोसायचं असतं.

लावल्यावर पाच दिवस पाण्याने पुसू नका, ग्लू अजून कच्चा असतो. गाडीही तेवढे दिवस बाहेर ठेवलेली बरी. सहाव्या दिवशी झाडून न्यूट्रल क्लीनरच्या ओलसर मॉपने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशचे पाच पातळ थर, प्रत्येकानंतर ३० ते ४५ मिनिटं. दमट दिवशी जास्त थांबा. एक गॅलन एका थराला सुमारे २००० चौरस फूट जातं, म्हणजे पाच थरांना एक गॅलन पुरतं. जाड थर लवकर उरकतो पण आतून ओला राहतो, आणि दुसऱ्या दिवशी टायरला चिकटून पापुद्रा निघतो. शेवटच्या थरानंतर गाडी आत घ्यायला आणखी दोन-तीन दिवस जाऊ द्या.

हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ गाडीखालून गळतं आणि पांढरी साय धरते. बरेच जण त्यावर व्हिनेगर सुचवतात. व्हीसीटीवर ते नको, टाइलमधली चुनखडी आम्लाने खाल्ली जाते आणि चकाकी कायमची जाते. कोमट पाणी, न्यूट्रल क्लीनर, दोनदा साध्या पाण्याने पुसणं, बस. साचलेलं पाणी वायपरने दरवाजाबाहेर काढा, फटींवर उभं राहू देऊ नका. ब्रेक फ्लुइड सांडलं तर लगेच टिपा, ते पॉलिशही मऊ करतं आणि खालचं व्हिनाइलही. पेट्रोलने निदान वरचं पॉलिश तरी विरघळतं.

वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये मिठाचा हंगाम संपला की, निळ्या पॅडने वरवर घासून दोन थर चढवा. दोन-तीन वर्षांनी पिवळट दिसलं तर स्ट्रिपरने पूर्ण काढून नव्याने पाच. स्ट्रिपर तलावासारखा ओतू नका, फटींतून खाली गेला की ग्लू सोडवतो. आणि तो वाळू देऊ नका, वाळला की पुन्हा पहिल्यापासून. काम चालू असताना गॅरेजचं दार उघडं ठेवा, आणि ओल्या स्ट्रिपरवर पाय ठेवू नका, साबणापेक्षा घसरडं असतं.

पॉलिश केलेली ओली फरशीही घसरते. घरात जायच्या दारापाशी व्हिनाइलच्या पाठीचं पायपुसणं टाका.

उंबरठा (न्यू जर्सी)

माल मागवण्याआधी टाउनशिपच्या बांधकाम कार्यालयात एक फोन करा. न्यू जर्सीचे नियम ज्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडवर (घरांच्या बांधकामाचा नमुना कोड) आधारलेले आहेत, त्यात गॅरेजची जमीन मान्यताप्राप्त, न जळणाऱ्या साहित्याची असावी आणि गाडीच्या जागेचा ढाळ निचऱ्याकडे किंवा मुख्य दरवाजाकडे असावा असं म्हटलंय. काँक्रीटला चिकटवलेल्या पातळ टाइलकडे प्रत्येक निरीक्षक सारखं बघेल असं नाही. घर विकताना तपासणीत हा मुद्दा निघण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

शिवाय टाइल १९८०च्या आधीच्या फरशीवर लावायची असेल (तुमचं घर नंतरचं आहे, हे बाकीच्या वाचकांसाठी), ९ इंची जुन्या टाइल किंवा काळा डांबरी ग्लू दिसला तर घासू नका, खरवडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. आधी नमुना प्रयोगशाळेत द्या.

गोदाकाठ (नाशिक)

इथे बंगल्याच्या पार्किंगला हे चालेल का?

फरशीवाला

नको. आपल्याकडची पार्किंग बहुधा तीन बाजूंनी उघडी असते. पावसाची झड थेट आत येते आणि एप्रिलचं ऊनही. व्हीसीटी बंदिस्त जागेची वस्तू आहे. तिथे १२ मिलिमीटरच्या आसपास जाडीची खरखरीत व्हिट्रिफाइड पार्किंग टाइल किंवा चेकर्ड टाइल घ्या, आणि खाली मसाला पोकळ राहू देऊ नका, नाहीतर चाक गेलं की कोपरा तुटतो.

अंगणवाट

शेवटचा प्रश्न. एखादी टाइल बदलायची वेळ आली तर?

रंधा-पटाशी

हीटगन टाइलच्या मध्यावर फिरवा, कडेवर नको, नाहीतर शेजारची सुटते. टाइल लवचीक झाली की मधे चाकूने फुली मारा आणि तीन इंची पुट्टीपत्ती घालून मधून बाहेर काढत या. खालचा ग्लू गरम असतानाच खरवडा. राहिलेला उंचवटा वर उमटतो आणि नव्या टाइलचा कोपरा नेमका तिथेच तुटतो. मग नवा ग्लू, पारदर्शक होईपर्यंत थांबणं, टाइल बसवणं, हाताच्या रोलरने दाबणं. पाच दिवसांनी पॉलिश.

जुन्या टाइलांमध्ये नवी थोडी उठून दिसेल. म्हणून राखीव टाइल लावायच्या वेळी एखादी कपाटाखालची, कमी झिजलेली जुनी टाइल काढून समोर लावतात आणि कोरी कपाटाखाली घालतात. राखीव खोकं घरात आडवं ठेवा, गॅरेजच्या माळ्यावर नको. उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने टाइल वाकतात.